पहिल्या खर्ड्यानंतर : प्रस्तावना

सोनई, घोडेगाव, चांदा, नेवासे, राहुरी या पट्ट्यात कादंबरी लिहू पाहणाऱ्या कुणाला विषय सापडत नाही, असे मला वाटत नाही. मुळा धरणाचे पाणी पाटाने आले आणि एका पिढीच्या डोळ्यांदेखत जिराईत रानाचे बागायत झाले. सहकारी साखर कारखाना उभा राहिला; त्याच्या आगेमागे शिक्षणसंस्था, सोसायट्या, पतसंस्था, दूध संकलन केंद्रे आली. दिवाळीच्या सुमारास बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गळीत संपले, की परततात. काही किलोमीटरवर शनिशिंगणापूर आहे. लहानशा गावाचे मोठे देवस्थान होते तेव्हा तिथल्या माणसांचे काय होते, याची हकिकत त्या रस्त्यावर रोज घडत असते. इतका ऐवज दाराशी असताना अनुभवाची टंचाई आहे असे कोण म्हणेल?

तरीही या भागातली हस्तलिखिते वाचताना एक उणीव मला पुन्हा पुन्हा जाणवत आली आहे. ती एकदाच लिहिलेली असतात. पहिला खर्डा पुरा झाला की तो तालुक्याच्या गावी डीटीपीला जातो, महिन्याभरात पुस्तक हातात येते, एखाद्या कार्यक्रमात प्रकाशन होते, सत्काराच्या शालीबरोबर प्रती वाटल्या जातात. कादंबरीचे खरे काम पहिल्या खर्ड्यानंतर सुरू होते आणि नेमक्या त्याच कामाला या घाईत जागा उरत नाही. पुढील प्रकरणे त्या मधल्या टप्प्यासाठी लिहिली आहेत. पहिला खर्डा कसा सुचावा हे कुणी शिकवू शकत नाही. दुसरा कसा करावा, तो कुणाला दाखवावा, तो प्रकाशकाकडे कसा न्यावा आणि करारावर सही करताना काय बघावे, हे मात्र शिकता येते.

या भूमीचा वाङ्मयीन वारसा आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो, आणि तो सांगण्यासारखा आहेच. सोनई ज्या तालुक्यात आहे त्या नेवाशात शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. शेजारच्या राहुरीत रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे वास्तव्य होते. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंनी मराठी गद्याला जो मोकळा, बोलता सूर दिला तो आजही शिळा झालेला नाही. 1997 साली नगरला सत्तरावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्ष होते कादंबरीकार ना. सं. इनामदार, आणि स्वागताध्यक्ष होते सोनईचे यशवंतराव गडाख, ज्यांचे ‘अर्धविराम’ हे आत्मकथन पुढे अनेकांनी वाचले.

पण नव्या कादंबरीकारासमोर मला आणखी एक नाव ठेवायचे आहे. ते म्हणजे गोदाकाठच्या सराळ्याचे म्हाइंभट. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र करायच्या ठरल्या तेव्हा हा विद्वान माणूस एका जागी बसून आठवणी रचत राहिला नाही. ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे तो गेला, त्यांच्या तोंडून प्रसंग ऐकले, ते कुठे आणि कोणासमोर घडले हे विचारून घेतले. लीळाचरित्रातले छोटे छोटे संवाद आजही जिवंत वाटतात, कारण त्यांच्यामागे असे ऐकणे आहे. पुढे धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध करावे लागले; त्यामुळे एका प्रसंगाचे निरनिराळे पाठ नोंदवण्याची प्रथा त्या परंपरेत आली. आपण ऐकले ते अखेरचे नव्हे, आणखी कुणी वेगळे सांगत असेल, ही जाणीव मराठी गद्याच्या अगदी आरंभी आहे. कादंबरीकाराला तिच्याहून मोठे भांडवल कोणते हवे?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, सोनईच्या एखाद्या तरुणाला ऊसतोड कामगारांवर लिहायचे आहे. माहिती मिळवणे अवघड नाही. मुकादम हंगामाआधी उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी आली की पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या खोपी पडतात. अंधार असतानाच फडात जायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. वाढे विकून वरखर्चाचे चार पैसे सुटतात. गाडी वजनाला लागते आणि नंबर येईपर्यंत रात्र निघून जाते. हे सगळे एका हंगामात वहीत उतरवता येईल. ते उतरवलेच पाहिजे, कारण यातला एक तपशील चुकला तरी जाणत्या वाचकाचा विश्वास उडतो. एवढे करूनही कादंबरी सुरू झालेली नसते. हे सगळे कोण पाहते आहे, हे ठरेपर्यंत ती सुरू होत नाही.

खोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसलेली दहा वर्षांची मुलगी पाहत असेल, तर तिला उचलीचा आकडा ठाऊक नाही. मुकादमाची मोटारसायकल वाजली की बाप मान खाली घालतो, एवढे तिला ठाऊक आहे. मुकादम पाहत असेल, तर उचलीचे पैसे वाटताना त्याच्या स्वतःच्या डोक्यावर किती कर्ज आहे आणि मागच्या साली कोणती टोळी पैसे घेऊन पळाली, यावाचून त्याला दुसरे काही दिसत नाही. ऊसमालक पाहत असेल, तर फडाला तोड कधी मिळते या एका काळजीत त्याचे दोन महिने जातात. तोडणारी माणसे त्याच्या नजरेच्या कडेला असतात. कारखान्याच्या शेतकी विभागातला नवा कारकून पाहत असेल, तर या तिघांच्या मध्ये सापडलेला तोच एक. फड तोच, ऊस तोच, कादंबऱ्या चार. हस्तलिखितांत बहुधा असे होते की लेखक या चौघांच्याही मनात एकाच पानावर जाऊन येतो आणि कुणापाशीच थांबत नाही. मग वाचकही कुणापाशी थांबत नाही.

मराठीत या प्रश्नाची उत्तरे ज्यांनी शोधली, त्यांच्याकडे कारागिराच्या नजरेने पाहावे असे मला वाटते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) गोष्ट सांगतो तो नव्याने आलेला पोरसवदा मास्तर. त्याला धनगरांची वाडी माहीत नाही आणि वाचकालाही नाही. त्यामुळे माहिती देण्यासाठी लेखकाला वेगळे थांबावे लागत नाही, मास्तरबरोबर आपण वाडी शिकत जातो. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (1971) निवेदक आहे नारबा, मालकाच्या मळ्यावरचा गडी. ट्रॅक्टर येतो आणि जनावरांचा गोतावळा उठतो, ही एवढी मोठी सामाजिक घटना तो कधी विश्लेषण करून सांगत नाही. तो जनावरांविषयी बोलतो आणि आपल्याला सारे कळते. या दोघांच्या खूप आधी ह. ना. आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही ‘करमणूक’मधून क्रमशः आलेली कादंबरी यमूच्या तोंडी दिली. त्या काळातल्या पुरुष लेखकाने विधवेला स्वतः बोलू दिले, हा निर्णय तिच्या कथानकाहून मोठा आहे. रचनेतला एक निर्णय नैतिक कसा होतो, हे तिथे स्पष्ट दिसते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण तर याहून बोलके आहे. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. त्यांचे ‘बलुतं’ 1978 साली ‘ग्रंथाली’ने काढले. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. पण स्वतःच्या आयुष्यावर कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने त्याची रचना अभ्यासावी. शहरात स्थिरावलेला, लिहिणारा दया पवार आणि गावातला दगडू मारुती पवार यांना लेखकाने समोरासमोर आणले आहे. एक ऐकतो, दुसरा सांगतो. ‘मी’ या एकाच सर्वनामात जे कोंडले असते ते या फोडीमुळे मोकळे झाले. स्वतःविषयीची कणव दूर राहिली आणि लाजेच्या गोष्टीही सांगता आल्या. पहिल्या खर्ड्यात आपण सगळे दगडू असतो. दुसऱ्या खर्ड्यात ऐकणारा दया पवार लागतो.

निवेदकानंतर काळ. इथे आपल्या भागाकडे एक तयार चौकट आहे आणि ती फारशी कुणी वापरलेली नाही: गळिताचा हंगाम. बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते, पुढचे चार-पाच महिने सगळा तालुका एका लयीत चालतो, मग पट्टा पडतो. त्याला आरंभ आहे, वाढत जाणारा ताण आहे, अपरिहार्य शेवट आहे. त्याऐवजी नवोदित लेखक नायकाच्या जन्मापासून निघतो आणि म्हातारपणापर्यंत जातो. मोठा काळ घेऊ नये असे नाही. रंगनाथ पठारे यांनी संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत ‘ताम्रपट’सारखा विशाल राजकीय पट उभा केला, त्या कादंबरीला 1999 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 2019 मध्ये आलेल्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’ने तर एका कुळाची शतके कवेत घेतली. पण त्या विस्तारामागे आयुष्यभराचे वाचन आणि आधीच्या अनेक पुस्तकांतून तयार झालेला हात आहे. पहिल्याच कादंबरीत पाच पिढ्या घेणाऱ्याच्या हातात बहुधा पाच पिढ्यांचा गोषवारा राहतो.

याबाबत चिनुआ अचेबे यांची हकिकत मला फार मोलाची वाटते. नायजेरियातल्या इग्बो गावावरची त्यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ 1958 साली प्रसिद्ध झाली आणि आफ्रिकेतल्या कादंबरीचे चित्र पालटले. तिचा पहिला खर्डा एका घराण्याच्या पिढ्यांचा होता. वाचताना अचेबे यांना जाणवले की सगळेच विरळ झाले आहे. त्यांनी पुढच्या पिढ्या काढून टाकल्या आणि पहिल्या पिढीतल्या एकट्या ओकोंक्वोची गोष्ट पुन्हा, भरून लिहिली. काढलेले वाया गेले नाही; त्याच्या नातवाची गोष्ट 1960 साली स्वतंत्र कादंबरी म्हणून आली. याच पुस्तकाची दुसरीही गोष्ट आहे. हाती लिहिलेली एकुलती एक प्रत त्यांनी टंकलेखनासाठी लंडनच्या एका संस्थेला टपालाने पाठवली होती आणि ती तिथे महिनोन्‌महिने पडून राहिली. ओळखीच्या व्यक्तीने प्रत्यक्ष जाऊन चौकशी केली म्हणून ती हाती लागली. आज फोनच्या कॅमेऱ्याने वहीचे प्रत्येक पान टिपून ठेवता येते. तेवढे तरी रोज करावे.

‘कोसला’विषयी मात्र आपल्याकडे अर्धीच गोष्ट सांगितली जाते. भालचंद्र नेमाडे यांनी ती पंचविशीत, सांगवीला घरी राहून, थोड्या दिवसांत लिहिली आणि 1963 साली रा. ज. देशमुखांनी ती छापली, हे खरे. त्यावरून कादंबरी एका बैठकीत उतरते असा समज करून घेणारे विसरतात की त्या दिवसांच्या मागे पुण्या-मुंबईतली वर्षे होती, अफाट वाचन होते, लघुनियतकालिकांच्या वातावरणात घासून निघालेली भाषा होती. आणि त्याच लेखकाची ‘हिंदू’ कितीतरी वर्षे मनात आणि कागदावर राहून 2010 मध्ये आली.

भाषेचा प्रश्न आपल्या भागात नाजूक आहे. बोलीत लिहिले म्हणजे अस्सल, हा समज सिनेमाने आणि विनोदी कथाकथनाने घट्ट केला. मग सगळी पात्रे एकाच ठसक्यात, एकाच शिव्या देत बोलतात. सोनईच्या बाजारात उभे राहून कान उघडे ठेवले तर कळते की बीडकडचा मुकादम, इथला बागायतदार, मारवाडी दुकानदार, शाळेतल्या बाई आणि संगमनेरला इंजिनिअरिंग करणारी त्यांची मुलगी यांच्या वाक्यांची ठेवणच निराळी आहे. फरक ‘आरं’ आणि ‘अरे’पुरता नसतो. कोण वाक्य अर्धे सोडतो, कोण नाव न घेता माणसाविषयी बोलतो, कोण रागावल्यावर प्रमाण भाषेत शिरतो, यात असतो. उद्धव शेळके यांनी ‘धग’मध्ये (1960) वऱ्हाडी बोलीला जी जागा दिली ती सजावटीसाठी नव्हती, तिच्या नायिकेचे, कौतिकचे आयुष्य दुसऱ्या कोणत्या भाषेत सांगताच आले नसते. तुमच्या पात्राचा संवाद दुसऱ्या पात्राच्या तोंडी घालून पाहा. काही बिघडले नाही, तर तो संवाद अजून लिहून झालेला नाही.

एका गोष्टीविषयी बोलल्याशिवाय सोनईत बसून कादंबरीवर प्रस्तावना लिहिता येणार नाही. 2013 च्या आरंभी या परिसरात तीन दलित तरुणांची हत्या झाली. आंतरजातीय प्रेमसंबंधाचे कारण पुढे आले, खटला नाशिकला चालला आणि 2018 मध्ये सत्र न्यायालयाने त्यात फाशीच्या शिक्षा सुनावल्या. गावाचे नाव देशभर त्या घटनेने पोचले. या भागातला गंभीर लेखक कधी ना कधी त्या काळोखाशी येऊन उभा राहणारच, आणि राहावेच. पण हकिकतीला पात्रांची नावे बदलून कादंबरी म्हणणे हा मार्ग नव्हे. मेलेल्यांच्या घरची माणसे जिवंत आहेत. त्यांचे दुःख ही आपली सामग्री नाही. कायद्याच्या बाजूनेही, ओळखू येईल अशा व्यक्तीवर न घडलेले कृत्य लादले तर बदनामीचा दावा होऊ शकतो. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ त्यातून वाचवत नाही. कादंबरीने विचारायचे प्रश्न वेगळे असतात. त्या दिवशी शेजारच्या घरात काय बोलले गेले? कोण गप्प बसले आणि त्या गप्प बसण्याची सवय त्याला कुठल्या वयात लागली? न्यायालयाच्या निकालपत्रात याची उत्तरे नसतात. यासाठी कल्पनाशक्ती लागते, आणि ती वापरायला माहिती वापरण्याहून अधिक धैर्य लागते.

आता दुसऱ्या वाचकाविषयी, म्हणजे लेखकाखेरीज हस्तलिखित वाचणाऱ्याविषयी. मराठीत ‘सत्यकथा’ 1982 साली बंद पडली तेव्हा एक मासिक गेले असे आपण म्हणतो; माझ्या मते त्याहून मोठे काही गेले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाला सविस्तर पत्रे लिहीत, हस्तलिखित परत पाठवत, एकेका परिच्छेदावर वाद घालत. काहींना तो जाच वाटला आणि त्या चौकटीविरुद्ध बंडही झाले. लघुनियतकालिकांची चळवळ त्याच असंतोषातून जोर धरू लागली. ते बंड आवश्यक होते. पण लिहिलेल्या मजकुराकडे इतक्या आस्थेने पाहणारा दुसरा माणूस असणे, ही चैन नव्हे, गरज आहे. आज बहुतेक प्रकाशनांकडे असा संपादक नसतो. मुद्रितशोधन होते, संपादन होत नाही. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त होते आणि मधली साठ पाने तशीच राहतात.

म्हणून ते काम आपणच उभे करायला हवे. माझा आग्रह असा: पहिला खर्डा संपला की तो महिनाभर तरी उघडू नये. नंतर एकट्याने मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडते तिथे वाक्य खोटे आहे. प्रत्येक प्रकरणासमोर एका ओळीत लिहावे की या प्रकरणाच्या आरंभी नसलेले काय शेवटी आहे. ओळ सुचली नाही तर प्रकरण काढून कादंबरी वाचून पाहावी. पहिली दहा-वीस पाने बहुधा लेखकाने स्वतःला तयार करण्यासाठी लिहिलेली असतात, ती संशयाने पाहावीत. शेवटच्या प्रकरणात एखादे पात्र भाषण करत असेल, तर ते भाषण लेखकाचे आहे. मग दोन माणसांना हस्तलिखित द्यावे. एक, जो पुष्कळ कादंबऱ्या वाचतो आणि तुमचा मित्र नाही. दुसरा, ज्याच्या जगाविषयी तुम्ही लिहिले आहे. ज्याने फडात कोयता चालवला त्याने ते पान ऐकावे, आणि चूक सांगितली तर त्याच्याशी वाद घालू नये. व्याकरण आणि अलंकार यांच्याविषयी त्या दोघांना काही विचारू नका. कुठे कंटाळा आला आणि कुठे विश्वास बसला नाही, एवढेच विचारा.

प्रकाशनाचा भाग मला थोडक्यात सांगता येईल, कारण पुढे त्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत; तरी काही गोष्टी इथेच ठासून सांगतो. चांगला प्रकाशक फक्त पुण्या-मुंबईत असतो हे खरे नाही. ‘सातपाटील कुलवृत्तांत’ काढणारे सुमती लांडे यांचे ‘शब्दालय’ श्रीरामपूरचे आहे. प्रकाशक निवडताना त्याने गेल्या काही वर्षांत काढलेल्या कादंबऱ्या वाचा. त्या कपाटात आपले पुस्तक शोभेल का, हे आधी आपल्याला कळले पाहिजे. हस्तलिखिताबरोबर एका पानाचे पत्र, कादंबरीचा गोषवारा आणि एकूण शब्दसंख्या द्यावी, मजकूर युनिकोडमध्ये असावा. सत्तर हजार शब्दांची कादंबरी डेमी आकारात साधारण अडीचशे पानांची, म्हणजे पंधरा-सोळा फर्म्यांची होते. किंमत काय पडेल याचा अंदाज त्यावरून प्रकाशक बांधतो, तो तुम्हालाही असावा. उत्तराला काही महिने लागतात. नकार आला आणि त्यासोबत दोन ओळींचे कारण आले, तर ते पत्र जपून ठेवण्यासारखे असते.

दिवाळी अंकांकडेही कादंबरीकाराने दुर्लक्ष करू नये. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून ही परंपरा अखंड आहे आणि आजही अनेक अंक दीर्घकथा व लघुकादंबरी छापतात. अंकासाठी मजकूर उन्हाळ्यातच द्यावा लागतो. तिथे आलेली ऐंशी पाने वाचून प्रकाशक विचारणा करतो, असे अनेक लेखकांच्या बाबतीत घडले आहे.

पैशांविषयी. पैसे भरून पुस्तक काढणे हा गुन्हा नाही. पण आपण प्रकाशकाकडून सेवा विकत घेतो आहोत हे डोळे उघडे ठेवून मान्य करावे. किती प्रती छापल्या, त्या कुणाच्या ताब्यात राहतील, विक्रीचा हिशेब कोण देणार, हे कागदावर नसेल तर त्याला प्रकाशन म्हणता येत नाही, ती छपाई आहे. एके काळी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती सर्रास निघे. आता तीनशे-पाचशेची निघते, मागणीनुसार छपाईही होते, आणि आवृत्तीच्या क्रमांकावरून खप ओळखता येत नाही. आयएसबीएनसाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. तिच्यासाठी हस्तलिखित तज्ज्ञांकडून वाचले जाते, म्हणून अनुदानाच्या रकमेइतकेच ते वाचन महत्त्वाचे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांसाठी निराळा विभाग आहे. पस्तिशीच्या आतल्या लेखकांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 2011 पासून दिला जातो. या सगळ्यांच्या तारखा पाळाव्यात, पण त्या डोळ्यांसमोर ठेवून कादंबरी संपवू नये. 1967 च्या कायद्याने गावोगाव उभ्या राहिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तक पोचणे हे मला पुरस्काराहून अधिक टिकाऊ वाटते. सोनईसारख्या गावात पुस्तकाचे दुकान नसले तरी ग्रंथालयाचे कपाट असते.

करारपत्राविषयी लेखक संकोचतात. ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला, असे म्हणतात. 1957 चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. लिहिताक्षणी हक्क लेखकाचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. दिलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळे म्हटलेले नसल्यास ते देणे रद्द झाले असे धरतात. स्वामित्वधन छापील किमतीवर आहे की निव्वळ विक्रीवर, हे बघा. दोन्हीत मोठा फरक पडतो. चित्रपट, वेबमालिका, श्राव्य पुस्तक, भाषांतर आणि ई-पुस्तक यांचे हक्क एका वाक्यात ‘सर्व हक्क’ म्हणून देऊन टाकू नका. प्रत्येकाची स्वतंत्र ओळ मागा. प्रामाणिक प्रकाशकाला त्याचा राग येत नाही.

या पुस्तकाची मांडणी लेखनाच्या क्रमाने केली आहे: निवेदक, काळ, भाषा, पुनर्लेखन, मग प्रकाशन. ज्यांचा पहिला खर्डा अजून झालेला नाही त्यांनी आधी तो पुरा करावा आणि तोवर पुनर्लेखनाचे प्रकरण उघडू नये. सुरुवातीलाच दुरुस्त्या करत बसणारा लेखक तिसऱ्या प्रकरणापुढे जात नाही. ज्यांचा खर्डा कपाटात आहे त्यांनी थेट पुनर्लेखनाच्या प्रकरणापासूनच सुरुवात करावी. करारपत्राचा नमुना शेवटी दिला आहे. प्रकाशकाचा होकार आधीच आला असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून तो भाग आज वाचावा, शंका असलेल्या कलमांखाली रेघ मारून प्रकाशकाला विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.